कोलंबियातल्या तंबूंचं सोलापुरात काय?

भैय्या चौक (धागा यांचा)
परवा कॉलेजच्या गेटवर चौघी मुली उभ्या होत्या. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करनं लिहिलेलं, 'गाझातली लेकरं वाचवा'. 'लेकरं'चा अनुस्वार घामानं पुसट झालेला. अर्ध्या तासात पुठ्ठा काढून घेतला गेला, वर एका सरांनी विचारलं, "तुमचा काय संबंध?"

१७ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर मुलांनी तंबू ठोकले, त्यांनाही हेच ऐकावं लागलं. त्यांची मागणी सरळ होती: इस्रायलच्या युद्धातून नफा कमावणाऱ्या कंपन्यांत विद्यापीठाचा पैसा नको. ३० एप्रिलच्या रात्री, मुलांनी ताबा घेतलेल्या विद्यापीठाच्या हॅमिल्टन हॉल या इमारतीत पोलीस शिरले.

मी रोज डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून जाते. १९३८ मध्ये जपाननं चीनवर हल्ला केलेला असताना आपल्या गावचा हा माणूस तिकडे जखमींवर उपचार करायला गेला. १९४२ मध्ये तिकडेच वारला. चीनचा तरी सोलापूरशी काय संबंध होता?

विडी घरकुल
ताई, कोटणीस औषधं घेऊन गेले, पुठ्ठा घेऊन नाही. इथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. माझी आई अजून विड्या वळते, बोटांची सालं निघतात. तिच्या मजुरीसाठी कोण उभं राहिलं गेटवर? आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर एक ओळ होती का?

भैय्या चौक
नव्हती. असायला हवी होती, मुलींना सांगते. पण औषधांचं म्हणाल तर, कोटणीसांसह पाच डॉक्टर गेले ते लोकांनी वर्गणी दिली म्हणून. लोक आधी कुणीतरी जागे केलेच असतील ना?

निवृत्त प्राध्यापक
मला काळजी पोरींची वाटते. नावावर एक गुन्हा लागला की पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे खेटे. नुसत्या पुठ्ठ्यानं युद्ध थांबत नाही.

हिप्परगा
सर, लगेच थांबत नाही हे खरं. पण १९८५ मध्ये याच कोलंबियाच्या मुलांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध हॅमिल्टन हॉलचं दार तीन आठवडे अडवलं. त्याच वर्षी विश्वस्तांनी तिथं धंदा करणाऱ्या कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं. बाबासाहेब जिथं शिकले तेच हे विद्यापीठ. आणि गुन्ह्याच्या भीतीचं म्हणाल तर, आपण चार हुतात्म्यांच्या गावात राहतो, सर.

निवृत्त प्राध्यापक
त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली, बाळा. म्हणूनच दुसऱ्याच्या लेकराला पुढे हो म्हणताना माझी जीभ अडखळते.

विडी घरकुल
विडी कामगारांच्या मजुरीसाठी पुठ्ठा काढाल त्या दिवशी आईला घेऊन येतो. गाझाच्या पुठ्ठ्यामागे उभं राहायचं, तर मेलेली माणसं दोन्हीकडची लिहा. नाहीतर मी नाही.

भैय्या चौक
पुठ्ठे दोन आणते. मजुरीच्या पुठ्ठ्यावर काय लिहायचं ते आईंना विचारून सांगा.