वृद्धाश्रमातील मावशीचे पाय बारीक होत आहेत, वजन मात्र तेवढेच आहे, काय करावे?

गिरणाकाठ, चाळीसगाव

नमस्कार. माझी मावशी 81 वर्षांची असून गेल्या दिवाळीपासून जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात राहते. यावल तालुक्यात केळीच्या बागेत तिने सारी हयात काढली. आज मात्र तिला खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. मांड्या आणि पोटऱ्या डोळ्यांदेखत वाळत चालल्या आहेत. वजनकाटा पूर्वीइतकेच 48 किलो दाखवतो, त्यामुळे आश्रमातील मंडळी तब्येत ठीक असल्याचे सांगतात. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी कागदावर ‘सार्कोपेनिया’ (उतारवयात स्नायू झिजून ताकद घटणे) असे लिहिले आणि चालते ठेवा, एवढेच सांगितले.

आश्रमातील माणसे मनाने चांगली आहेत. ताट खाटेवर येते, पाणी हातात मिळते आणि शौचालयापर्यंत तिला चाकाच्या खुर्चीतून नेतात. हे सारे वयाचेच म्हणून स्वीकारायचे, की गेलेली ताकद थोडी तरी परत येऊ शकते? येत असेल तर आश्रमाकडे नेमके काय मागावे? ती शाकाहारी आहे, कवळी ढिली झाली आहे आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मासभर ती एकच वेळ जेवते.

फिजिओथेरपी, धुळे

भाऊ, आधी आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर देतो: ताकद परत येऊ शकते, अगदी नव्वदीतही. 1990 साली बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले गेले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, आणि व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत ती पुन्हा घसरू लागली. 1994 मध्ये त्याच गटाने शंभर रहिवाशांवर असाच प्रयोग केला, तेव्हा नुसते पोषक पेय दिलेल्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. म्हणून केवळ प्रोटीन पावडरचा डबा नेऊन देण्याने काम होणार नाही, स्नायूंवर भार यायलाच हवा.

वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका, कारण या आजारात स्नायू घटतात, त्यांची जागा चरबी घेते आणि काटा जागचा हलत नाही. साधी चाचणी करून पाहा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर मावशींना बसवून, हात छातीवर ठेवून, पाच वेळा उठायला सांगा आणि घड्याळ लावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार 12 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर स्नायूंची कार्यक्षमता घटली असे धरतात. स्त्रियांसाठी हाताची पकड 18 किलोपेक्षा कमी असणे आणि पोटरीचा घेर 33 सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही आणखी दोन लक्षणे आहेत. घेर शिंप्याच्या टेपनेही मोजता येतो, फक्त पायांवर सूज असेल तर तो फसवा येतो. हातांच्या रेट्याशिवाय त्या एकदाही उठू शकत नसतील तर घड्याळाचीही गरज नाही, उपचार लगेच सुरू करावेत.

धोका केवळ पडण्याचा नसतो. मांडीचे स्नायू गेले की तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, मग अंथरूण, आणि अंथरुणात स्नायू आणखी वेगाने वितळतात. धडधाकट वृद्धांना दहा दिवस केवळ पडून राहायला लावलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार कमी झाला होता. ते लोक आजारी नव्हते, हे लक्षात घ्यावे. गिळण्याचे आणि खोकण्याचे स्नायूही याच प्रकारे क्षीण होतात. त्यामुळे घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती वाढते. जेवताना ठसका लागतो का, आवाज ओलसर येतो का, हे आश्रमात कोणीतरी आवर्जून पाहायला हवे.

व्यायाम अगदी साधे आहेत. खुर्चीतून उठणे-बसणे, सुरुवातीला हातांच्या आधाराने आणि उंच बैठकीवरून. गजाला धरून टाचा उचलणे. बसल्या जागी गुडघा सरळ करणे. हे आठवड्यातून किमान दोन ते तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती देऊन करावे आणि सोपे वाटू लागले की बैठक थोडी खाली आणावी किंवा घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधावी. भार वाढवला नाही तर फायदा तिथेच थांबतो. जोर लावताना श्वास रोखू देऊ नका. छातीत दुखणे, आवरत नसलेला रक्तदाब किंवा ताजे फ्रॅक्चर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आहारतज्ज्ञ, जळगाव

व्यायामाविषयी वर लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी ताटाविषयी सांगते. वृद्धांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने सुचवतात, आजारी वृद्धांसाठी 1.2 ते 1.5 ग्रॅम. म्हणजे 48 किलोच्या मावशींना दिवसाला सुमारे 48 ते 58 ग्रॅम हवीत, आणि ती शक्यतो तिन्ही वेळच्या जेवणांत विभागून हवीत, कारण उतारवयात स्नायू थोड्याथोडक्या प्रथिनांना दाद देत नाहीत.

आता ताट पाहा. दोन मध्यम भाकरींतून साधारण 12 ग्रॅम मिळतात, पाण्यासारख्या पातळ वरणाच्या वाटीतून तीन-चार, आणि चहातल्या चमचाभर दुधाची गणती करण्यातही अर्थ नाही. अशा ताटांतून दिवसाची बेरीज पंचवीस-तीसच्या फारशी पुढे जात नाही. संध्याकाळी सातला जेवण आणि सकाळी चहा-बिस्कीट, असा तेरा-चौदा तासांचा खंड पडतो तो वेगळाच.

उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. साध्या ज्वारीऐवजी कळण्याची भाकरी द्यावी, तिच्यात उडीद असल्याने प्रथिने वाढतात आणि दोन धान्यांची प्रथिने एकमेकांना पूरक ठरतात. दात नसतील तर ती दुधात किंवा वरणात कुस्करून द्यावी. वरण घट्ट असावे. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे 7 ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यामुळे वाटीत डाळ किती आणि पाणी किती यावर सारे अवलंबून आहे. वाफवलेले फुनके (भरड वाटलेल्या डाळीचे मुटके) कढीत बुडवून मऊ करून दिले तर कवळी नसतानाही जातात. शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, बारीक कूट भाजीत घालावे. झोपण्यापूर्वी पेलाभर दूध दिल्याने रात्रीचा खंडही थोडा कमी होतो.

उपवासाविषयी मला मनापासून काळजी वाटते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात आणि आमच्याकडे चातुर्मासात आज्या आठवडाच्या आठवडा साबुदाणा, बटाटा आणि चहा यांवर काढतात. श्रद्धेला हात न लावता राजगिरा, दही, पनीर, दूध, शेंगदाण्याची आमटी उपवासात घालता येते. एकभुक्त राहायचेच असेल तर दुसऱ्या वेळी दूध-दही फराळ म्हणून घ्यावे, असे त्यांच्या विश्वासातल्या माणसाने समजवावे. कवळी नीट बसवून घेणे मी सर्वात आधी करीन. ड आणि ब-12 जीवनसत्त्वांची तपासणीही करून घ्या, शाकाहारी वृद्धांत ब-12 ची कमतरता फार आढळते.

वृद्धाश्रम व्यवस्थापन, अमळनेर

आश्रम चालवणाऱ्याची बाजू मांडतो. कोणी पडले की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "तुम्ही चालू का दिले?" या धाकाने कर्मचारी प्रत्येकाला खाटेवरच सर्व काही देतात. शिवाय एका मदतनिसाकडे अनेक वृद्ध असतात आणि चाकाच्या खुर्चीने दोन मिनिटांत होणारे काम आधार देऊन चालवत नेल्यास दहा मिनिटे घेते. ही सेवा प्रेमापोटीच होते, पण तीच रहिवाशांचे पाय काढून घेते.

म्हणून आपण व्यवस्थापकांना लेखी द्यावे की मावशीला चालवण्यास आपली संमती आहे आणि योग्य आधार देऊनही पडण्याची शक्यता उरते, हे आपल्याला मान्य आहे. त्यासोबत नेमक्या गोष्टी मागाव्यात. निदान एक जेवण तरी खाटेवर न देता भोजनगृहात व्हावे, जाताना वॉकर आणि सोबतीला माणूस असावा. शौचालयात पकडीचा गज आणि रात्री दिवा असावा. खाटेची उंची इतकीच असावी की पाय जमिनीला टेकतील. आमच्याकडे भजनाआधी सगळे मिळून उठण्या-बसण्याचा व्यायाम करतात. एकट्याला सांगितले तर कंटाळा करतात, पंगतीत सगळे करतात. मे महिन्याच्या उन्हात दुपारी चालवू नये, सकाळी लवकर उरकावे आणि पाणी मागण्याची वाट न पाहता द्यावे. झोपेच्या गोळ्या सुरू असतील तर त्या खरोखर लागतात का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण रात्री पडण्यामागे अनेकदा त्याच असतात.

गिरणाकाठ, चाळीसगाव

आपणा सर्वांचा ऋणी आहे. संमतीपत्र उद्याच लिहून देतो. एक शंका उरली: मावशीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) थोडे वाढलेले आहे, मग प्रथिने वाढवणे योग्य ठरेल का?

आहारतज्ज्ञ, जळगाव

हा प्रश्न विचारलात ते बरे केले. मूत्रपिंडाचा आजार गंभीर असेल, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग (eGFR) 30 च्या खाली असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिने वाढवू नयेत, उलट मर्यादित ठेवावी लागतात. त्याच्या वर असेल तर बहुधा वाढवता येतात, पण प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. प्रयोगशाळेच्या अहवालात हा आकडा अनेकदा क्रिएटिनिनजवळच छापलेला असतो. मात्र स्नायू कमी असलेल्या व्यक्तीत क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, त्यामुळे गाळण्याचा वेग प्रत्यक्षाहून चांगला दिसू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांचा निर्णय येईपर्यंत ताट आहे तसे राहू द्या, कवळीचे काम मार्गी लावा आणि उठण्या-बसण्याचा व्यायाम याच आठवड्यात सुरू करा.