पुण्यातल्या समाजवाद्यांनी पाठिंब्याची पत्रकंच काढत राहायची, की कामगारांचा स्वतःचा पक्ष उभा करायचा?

आकुर्डीचा फिटर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी दांडेकर पुलाजवळ एका बैठकीला गेलो होतो. पंचवीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. दोन तास बोलणं झालं आणि दर निवडणुकीला ठरतं तेच ठरलं: अमका येऊ नये म्हणून तमक्याला पाठिंबा. पत्रक काढायचं, खाली संघटनांची नावं टाकायची. मी विचारलं, बदल्यात आपण मागितलं काय? कुणी काही बोललं नाही.

मी नऊ वर्षं कंत्राटी होतो. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाचं कार्ड. मागच्या वेळी आपण ज्याला पाठिंबा दिला, त्याच्याच जवळच्या माणसाकडे कामगार पुरवायचा ठेका निघाला. आता त्या गेटवर मीटिंग घ्यायला मी कोणत्या तोंडाने उभा राहू?

याच पुण्याने १९५७ ला ना. ग. गोरे आणि १९६७ ला एस. एम. जोशी हे समाजवादी नेते लोकसभेत पाठवले. १९७७ ला समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला. जनता पक्ष फुटला, पण आपला झेंडा पुण्यात पुन्हा तसा उभा राहिला नाही. माझं म्हणणं, पुढच्या महापालिकेला दोनच प्रभागांत का होईना, कामगारांचे उमेदवार कामगारांच्या वर्गणीवर उभे करा.

माजी सेवादल

तुमची तळमळ कळते, पण इतिहास अर्धा सांगितलात. गोरे १९५७ ला आले ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेवर. समितीत कम्युनिस्ट होते, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) होता, बाबासाहेबांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं. एकट्या प्रजासमाजवाद्यांची, म्हणजे गोऱ्यांच्या पक्षाची, ती ताकद नव्हती. आणि १९७७ चं विलीनीकरण म्हणजे कुणाची हौस नव्हती. आमची माणसं आणीबाणीत तुरुंगात होती. त्या वेळी 'आमचा झेंडा वेगळा' म्हणत बसलो असतो तर लोकांनी माफ केलं नसतं.

आज चार सदस्यांचा प्रभाग असतो. एवढ्या मोठ्या प्रभागात नुसत्या मतदारांच्या स्लिपा घरोघरी पोचवायला किती माणसं लागतात, माहीत आहे का? शेवटी तुम्ही हजारभर मतं घेणार आणि ज्याला सगळ्यात जास्त घाबरतो तो तेवढ्याच मतांनी निवडून येणार.

आकुर्डीचा फिटर

समितीत जाताना प्रत्येकाकडे स्वतःचा पक्ष होता, केडर होतं, म्हणून जागावाटपात बोलता आलं. युती करायलाही आधी आपलं काहीतरी असावं लागतं. आपल्याकडे आज फक्त लेटरहेड आहे.

ब्रिटनमध्ये कामगारांचे प्रतिनिधी आधी लिबरल पक्षाच्या आधाराने निवडून यायचे. १९०० मध्ये युनियन आणि समाजवादी गटांनी स्वतःच्या उमेदवारांसाठी समिती केली, तिचाच १९०६ मध्ये लेबर पक्ष झाला. पुढे तो पक्ष कसा वागला हा वेगळा वाद. पण पैसा युनियनच्या वर्गणीचा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कसब्यातली वाचक

इतक्या लांब कशाला जाता? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत आमदार थोडेच आले, पण त्यांच्या जोरावर खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं, आणि बाहेर कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. ७ नोव्हेंबर १९३८ ला संपबंदीच्या कायद्याविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. सभागृहात आणि रस्त्यावर एकच माणसं, एकच मागणी. मला पक्ष हवा तो असा.

पण तो पक्ष १९४२ मध्ये का संपला, हेही बोला. ब्रिटिश सरकारचा दूत क्रिप्स धर्म-जातींच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करत होता, मजुरांच्या प्रतिनिधीला तिथे खुर्चीच नव्हती. आज तरी काय वेगळं आहे? कामगार गेटवर कामगार असतो, आळीत गेला की त्याची जात आधी विचारतात. आणि तुमच्या त्या रविवारच्या बैठकीत गटारात उतरणारा सफाई कामगार कुणी होता का?

कचरावेचकांसोबत काम करणारी

मी या वादात मधेच अडकलेय. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, त्यांचीच स्वच्छ सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेबरोबरच्या करारातून कामाला लागली. करार संपत आला की बायका सगळ्या पक्षांच्या नगरसेवकांकडे जातात. सगळ्यांकडे जाता येतं, कारण आम्ही कुणाच्या विरोधात उमेदवार दिलेला नसतो. उद्या दिला, तर पहिला फटका माझ्या ओल्या-सुक्याच्या बादल्या उचलणाऱ्या ताईला बसेल, तुम्हाला नाही.

तरीही दर वेळी कुणाच्या तरी ऑफिसबाहेर ताटकळत उभं राहायचा मला संताप येतो.

चाकण, रात्रपाळी

सर्वांचं वाचलं. मी परांडा तालुक्यातला, सहा वर्षं चाकणला. आमच्या लाइनवर निम्मी पोरं बिहार, यूपी, ओडिशाची, उरलेली मराठवाडा-विदर्भाची. आमच्यापैकी एकाचंही नाव इथल्या मतदारयादीत नाही. माझं मत गावाला आहे आणि मतदानाला जायला एसटीचे पैसे भावकीतला उमेदवार देतो. तुम्ही उमेदवार कुणाच्या मतांवर उभा करणार?

आठ नंबरचा फॉर्म भरून नाव इकडे आणता येतं हे आम्हाला माहीत आहे. पण खोलीमालक भाडेकराराचा कागद देत नाही. एका खोलीत सहा जण राहतो, कागद दिला तर त्याचीच अडचण.

आकुर्डीचा फिटर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उमेदवारापासून सुरुवात केली, यादीपासून करायला हवी होती. आधी खोल्यांमध्ये जाऊन नावं नोंदवू, भाडेकरारासाठी मालकांशी पंचवीस जणांनी मिळून बोलू. महिन्याला वीस रुपये वर्गणी, पावतीसकट. उमेदवार द्यायचा की नाही ते पावत्या मोजून ठरवू. पण पत्रकावर यापुढे माझी सही नाही.

माजी सेवादल

फॉर्म भरायला मी येतो. मला अजून दुचाकी चालवता येते आणि सरकारी कागदांची सवय आहे. मात्र उद्या उमेदवार दिलात आणि तो तिसरा येणार असं दिसलं, तर मी मत जिंकू शकणाऱ्यालाच देईन. हे आत्ताच सांगून ठेवतो. येत्या रविवारी ठरवूया का?

चाकण, रात्रपाळी

रविवारी आम्ही कामावर असतो. आमची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी ठेवा, मी माझ्या खोलीतले पाचही घेऊन येतो.