बाबा आले आणि सभागृह हसले: 'कॉन्टॅक्ट' पाहिल्यानंतरचा वाद

अनगोळचा वाचक (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी आमच्या बेळगावातल्या वाचनालयाच्या सभागृहात 'कॉन्टॅक्ट' हा १९९७ सालचा इंग्रजी चित्रपट पडद्यावर दाखवला. कार्ल सेगन यांच्या १९८५ च्या कादंबरीवरून रॉबर्ट झेमेकिस यांनी तो केला आहे. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. व्हेगा, म्हणजे आपला अभिजित, या ताऱ्याच्या दिशेने रेडिओ दुर्बिणींना ठोके ऐकू येऊ लागतात, आणि ते दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्यांचे असतात. त्या ठोक्यांच्या पोटात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचे आपलेच चित्र परत आलेले असते आणि त्याच्याही आत एका यंत्राचे आराखडे असतात. एली ॲरोवे ही शास्त्रज्ञ त्या यंत्रातून प्रवास करून एका समुद्रकिनाऱ्यावर पोहोचते. ती लहान असताना वारलेले तिचे वडील तिथे चालत येतात, कारण परका जीव त्यांच्या रूपात तिला भेटतो. परतल्यावर मात्र सगळे तिला सांगतात, की ती ज्यात बसली होती तो यंत्रातला गोळा क्षणार्धात सरळ खाली पडला आणि ती कुठेही गेलीच नाही. तिच्याजवळच्या कॅमेऱ्यात निव्वळ खरखर निघते. ती खरखर अठरा तासांची आहे, हे अगदी शेवटी दोन अधिकारी आपसांत बोलतात आणि तिथेच ठेवतात.

वडील पडद्यावर आले, तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "हे तिचे बाबाच की हो!" निम्मे सभागृह खदखदून हसले. पुढच्या रांगेत दोघीजणी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, त्यांनी मागे वळून अशा नजरेने पाहिले, की हसणे मध्येच थांबले. नंतर चहाच्या वेळी अर्धा तास एकच वाद चालला: परका जीव दाखवायला हवा होता की नको.

माझ्या मते हा वाद भलत्याच जागी चालला होता. चित्रपटातली खरी चोरी त्या अठरा तासांची आहे. जगाला सांगण्याजोगी एकच वस्तू हाती होती आणि ती दोन माणसांनी फाईलमध्ये दडवली. चहाच्या टेबलावर त्याबद्दल एकही शब्द निघाला नाही, याचे मला नवल वाटते.

शहापूरची निवृत्त शिक्षिका

पदर लावून बसलेल्या दोघींपैकी एक मी होते, हे आधीच कबूल करते. तरीही तुमच्या म्हणण्याशी मी सहमत नाही, कारण माझ्या दृष्टीने ते अठरा तास हाच या चित्रपटाचा दोष आहे.

निवड समितीसमोर एलीला विचारतात, की तुमचा ईश्वरावर विश्वास आहे का. पुराव्याशिवाय आपण काही मानत नाही, असा तिच्या उत्तराचा सूर असतो आणि त्यापायी तिची जागा आधी दुसऱ्याला मिळते. शेवटी तीच बाई चौकशीसमोर पुराव्याशिवाय उभी राहते, आणि तेव्हा प्रेक्षकालाही तिच्याइतकेच उघडे पडावे लागते. मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. त्या दृश्यात मी स्वतःला विचारत होते, की माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने येऊन असे काही सांगितले असते, तर मी तिला बसवून ऐकून घेतले असते का. एवढ्यात दिग्दर्शकाने अठरा तासांची चिठ्ठी हळूच आपल्या हातात सरकवली आणि आपली सुटका केली. परीक्षेच्या मध्यावर उत्तरपत्रिका वाटावी, तसे झाले.

आणखी एक गोष्ट नोंदवते. कादंबरीत एकटी एली जात नाही, पाच जण जातात. त्यांत देवी सुखवती ही भारतीय शास्त्रज्ञ आहे आणि तिला तिचा दिवंगत पती भेटतो. प्रत्येकाला आपापले माणूस भेटते, म्हणजे पाच साक्षीदार होतात आणि तरीही कोणी विश्वास ठेवत नाही. हे कितीतरी जास्त बोचणारे आहे. चित्रपटाने चौघांना गाळले, आपल्या देवीलाही गाळले, आणि मग ती उणीव भरायला खरखर आणली.

कॅम्पातला रेडिओवाला

दडवण्याचा मुद्दा तांत्रिक बाजूने पाहू. आमचे घराणे रेडिओ दुरुस्तीचे. लहानपणी रात्री डायल फिरवताना धारवाड आणि सांगली एकमेकांत कशी मिसळायची, ते अजून कानात आहे. त्यामुळे खरखरीवर माझाही थोडा हक्क आहे.

आकाशातून येणारा रेडिओ संदेश एका देशाला लपवताच येत नाही, कारण पृथ्वी फिरते. अमेरिकेतल्या दुर्बिणींखालून तारा मावळला, की तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथ्यावर असतो आणि संदेश सलग हवा असेल तर त्यांना सांगावेच लागते. चित्रपटातही एली तेच करते आणि सुरक्षा सल्लागार तिच्यावर उखडतो. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण आहे, आणि अभिजित तिच्या टप्प्यात येतो. मग दडवणार कोणापासून?

खरे उदाहरण १९६७ चे आहे. केंब्रिजला जॉसलिन बेल या विद्यार्थिनीला सुमारे १.३४ सेकंदांनी नेमके येणारे ठोके मिळाले. हा जवळपासच्या मोटारीचा किंवा यंत्राचा गोंगाट नाही, हे कळले कशावरून? तो स्रोत रोज सुमारे चार मिनिटे लवकर वर येत होता, म्हणजे तो आपल्या घड्याळावर चालत नव्हता, ताऱ्यांच्या घड्याळावर चालत होता. त्यांनी थट्टेने त्याला 'छोटी हिरवी माणसे' म्हटले, आणि खरेच तसे निघाले तर जाहीर कसे करायचे, यावर विचारही केला. पुढे आकाशाच्या वेगळ्याच भागातून तसेच ठोके मिळाले, तेव्हा ती शंका फिटली. पल्सार, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणारे तारे, सापडले होते. १९६८ च्या फेब्रुवारीत शोधनिबंध छापून आला, म्हणजे सगळे मिळून काही महिने. याला मी दडवणे म्हणत नाही, खात्री करून घेणे म्हणतो. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने जो आचारसंहितेचा मसुदा मान्य केला, त्यातही क्रम तोच आहे: आधी पडताळा, मग इतर शास्त्रज्ञांना आणि जगाला कळवा, आणि परस्पर उत्तर पाठवू नका.

खानापूरकर

मागच्या रांगेतून बोललो तो मीच. बाईंच्या अश्रूंचा अवमान झाला असेल तर माफी मागतो, पण बोललो ते मागे घेत नाही.

शेतातले काम आटोपून दुचाकीवरून पंचवीस किलोमीटर आलो, ते परका जीव पाहायला. परका जीव आपल्यासारखा नसणार, एवढीच माझी अपेक्षा होती. आला तो पायघोळ पँट घातलेला बाप! पण माझी तक्रार निराशेपुरती नाही. ओळखीच्या माणसाचे रूप घेऊन कोणी समोर आले, तर काय करावे, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहे. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव नळाचे रूप घेऊन ओळीत बसले होते. दमयंती काही रडत त्यांच्या गळ्यात पडली नाही. तिने पाहिले, की कोणाच्या पापण्या लवतात, कोणाला घाम येतो, कोणाची माळ कोमेजते आणि कोणाचे पाय जमिनीला टेकतात. याला निरीक्षण म्हणतात. आणि ही जगातली मोठी शास्त्रज्ञ, जी आयुष्यभर पुरावा मागत फिरली, तिने त्या बापाची एकही परीक्षा घेतली नाही. वाळू मुठीत धरून खिशात तरी घालायची! सभागृह हसले ते एवढ्यासाठी.

शहापूरची निवृत्त शिक्षिका

अण्णा, माफीची गरज नाही. दमयंती तुम्ही नेमकी काढलीत आणि रात्रभर ती माझ्या डोक्यातून गेली नाही. पण उपमा पुरती लागू होत नाही. स्वयंवरातले देव आपण नळच आहोत असे भासवत होते, म्हणून परीक्षेची गरज पडली. इथे एली लगेच म्हणते, की हे काही खरे नाही, आणि तो जीवही कबूल करतो, की तुला सोपे जावे म्हणून हे रूप घेतले. जो स्वतःच मुखवटा असल्याचे सांगतो, त्याला ढोंगी म्हणता येत नाही. वाळूबद्दल मात्र तुमचे बरोबर आहे. तेवढे तिने करायला हवे होते.

टिळकवाडीची विद्यार्थिनी

सर्वांच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे: त्या सभागृहात चित्रपट सगळ्यांना कळत होता का? खालची अक्षरे इंग्रजी होती आणि भराभर जात होती. माझ्या शेजारी एक कन्नड भाषक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. नातू मोबाईलमध्ये गुंतला, म्हणून मी अर्ध्या मराठीत, अर्ध्या मोडक्या कन्नडमध्ये त्यांच्या कानाशी सांगत होते. मूळ संख्या मला काही केल्या समजावता आल्या नाहीत. पण किनाऱ्यावर तो माणूस दिसू लागताच मी काही बोलण्याआधी त्यांनीच विचारले, "अप्पा बंद्रा?" म्हणजे वडील आले का. त्या हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. पाहुणा आल्यावर विचारावे, तसे विचारले. खानापूरच्या काकांचे आणि आजींचे शब्द जवळजवळ तेच होते, हे मला फार विलक्षण वाटले.

म्हणून मला वाटते, की सांगणे आणि दडवणे यांच्याही आधी भाषेचा प्रश्न येतो. १९७७ मध्ये पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठी आहे आणि कन्नडही आहे. कन्नड शुभेच्छा कन्नडिगांच्या वतीने दिलेल्या आहेत, तर मराठी शुभेच्छा पृथ्वीवरच्या लोकांकडून. दोन्ही भाषा एकाच तबकडीवर सुखाने सूर्यमालेबाहेर निघाल्या आणि कोणी कोणाच्या पाटीला काळे फासले नाही. त्याच तबकडीवर फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे, म्हणजे आपला हा टापू तिथे बऱ्यापैकी हजर आहे. चित्रपटात मात्र संदेश उलगडण्याचा मान एका अतिश्रीमंत माणसाला मिळतो आणि बाकीचे जग दूरदर्शनसमोर बसून राहते.

निपाणीकर

मला धागाकर्त्याचा पाया मान्य नाही. लोकांना सांगितले काय आणि दडवले काय, लोक आपल्या सवयीप्रमाणेच वागतात. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो, ही बातमी सकाळी उत्तरेकडून निघाली आणि मोबाईल नसतानाही त्याच दिवशी देशभर पोहोचली. आमच्या गल्लीत दुपारी दूध मिळेनासे झाले होते. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांनी चमच्यातले दूध ओढले जाते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले. ते ऐकून आमच्या मावशींनी विचारले, "मग आजच का?" त्या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

अधिकृत शब्दांचेही तेच. या चित्रपटात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन परग्रहावरच्या संदेशाबद्दल बोलताना दिसतात. ती खरी दृश्ये आहेत, पण ऑगस्ट १९९६ ची. मंगळावरून आलेल्या एका अशनीत सूक्ष्मजीवांच्या खुणा असाव्यात, या दाव्यावर ते बोलत होते. व्हाइट हाउसने या वापराबद्दल नाराजीही कळवली होती. राज्यकर्त्याचे वाक्य इतके गुळगुळीत असते, की ते दगडालाही लागू पडते आणि अभिजितलाही.

आता एलीकडे येतो. २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीसमोर डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले, की सरकारकडे मानवेतर मूळ असलेली याने आणि जैविक अवशेष आहेत, असे त्याला संबंधितांकडून कळले होते. मार्च २०२४ मध्ये पेंटॅगॉनच्या कार्यालयाने अहवालात म्हटले, की त्याला दुजोरा देणारा पुरावा सापडला नाही. तुमच्यापैकी किती जणांनी ग्रश यांच्यावर विश्वास ठेवला? मी ठेवला नाही. आणि एलीवर सगळ्यांनी ठेवला, तोही अठरा तासांचा उल्लेख येण्याच्या आधीच. फरक एवढाच, की एलीबरोबर कॅमेरा किनाऱ्यापर्यंत गेला होता. आपण तिच्या शब्दावर विसंबलोच नाही, आपण स्वतः पाहून आलो होतो. त्यामुळे बाईंना जी परीक्षा वाटते, ती प्रेक्षकांनी कधी दिलीच नाही.

अनगोळचा वाचक

निपाणीकर, हा घाव वर्मी लागला. मी अठरा तासांवर अडलो, कारण मी आधीच एलीच्या बाजूचा होतो, हे मान्य करतो. पण रेडिओवाल्या दादांना एक विचारतो: संदेश दडवता येत नाही हे ठीक, खरखर मात्र एकाच कॅमेऱ्यात होती आणि तो कॅमेरा सरकारच्या ताब्यात होता. तिथे पृथ्वी फिरून काय उपयोग?

एक सुचवतो. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवू, पण प्रवास सुरू होतो तिथून थेट चौकशीवर उडी मारू, म्हणजे किनारा नाही, बाबा नाहीत आणि अठरा तासही नाहीत. प्रेक्षक मात्र ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही असेच घेऊ. कितीजण एलीवर विश्वास ठेवतात, ते हात वर करून मोजू.

कॅम्पातला रेडिओवाला

कॅमेऱ्याचे तुमचे बरोबर. तो आकडा एकाच ठिकाणी राहू दिला, ही व्यवस्थेची चूक होती. प्रत त्याच दिवशी दुसऱ्या देशात जायला हवी होती. प्रयोगाला माझा पाठिंबा आहे. ध्वनिक्षेपक मी आणीन, मागच्या वेळचा घुमत होता.

टिळकवाडीची विद्यार्थिनी

चौकशीच्या दृश्याचे संवाद मी मराठीत उतरवून देते. कन्नडसाठी कोणीतरी पुढे यावे. माझे कन्नड आजींपुरतेच आहे.

शहापूरची निवृत्त शिक्षिका

चिकोडीहून माझी बहीण आणि तिच्या भजनी मंडळाच्या आठजणी येतील. त्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही आणि कोणाच्या दबावाखाली हात वर करणाऱ्यांपैकी त्या नाहीत.

खानापूरकर

बाबांचे दृश्यच काढणार असाल, तर मला ओरडायला काही उरत नाही. तरी येतो. वाळूचा प्रश्न चौकशीत कोणीच कसा विचारला नाही, तेवढे बघायचे आहे.