ठसका नाही म्हणून निर्धास्त राहू नका
"जेवताना ठसका लागत नाही, म्हणजे गिळणं ठीक आहे" हे म्हणणं अर्धंच खरं. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमध्ये (कंपवातात) घशाची संवेदना कमी झालेली असू शकते. मग पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येतच नाही. सासूबाईंचं करताना मी आवाजाकडे लक्ष ठेवायचे. घोट घेऊन झाला की त्यांना काहीतरी बोलायला लावायचं. आवाज ओलसर, घरघरता आला की समजायचं, घशात काहीतरी अडकून राहिलंय. लुळ्या बाजूच्या गालात घासही तसाच राहायचा, त्यांना पत्ताच नसायचा. जेवणानंतर टॉर्च लावून बघितलं की दिसायचा.

घट्टसर अन्न नीट जातं आणि पाण्यानेच त्रास होतो, असंही पुष्कळदा होतं. पातळ द्रव झपकन घशात उतरतो, श्वासनलिका झाकली जायला वेळच मिळत नाही. पण म्हणून आपल्याच मनाने पाणी तोडू नका (हे सर्रास चालतं!). वरचेवर कफ, बारीक ताप, उतरत जाणारं वजन असं दिसलं तर डॉक्टरांना सांगून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. हो, बोलण्यावर उपचार करणारेच गिळणंही तपासतात.