जिप्सीत कॅम बदलला, आता आयडलचं टायमिंग कितीवर लावू?

घाटवेडा:
कार्बवाली जुनी जिप्सी आहे, 1298 सीसी. हेड पोर्ट करून घेतलं (आतल्या हवेच्या वाटा मोठ्या केल्या) आणि जास्त ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा कॅम टाकला. आता 800 आरपीएमला आयडल (पाय सोडल्यावरचा वेग) धरतच नाही, 1100 वर ठेवावं लागतं. टायमिंग गन (पिस्टन वर पोचण्याआधी किती डिग्रीला ठिणगी पडते ते दाखवणारा दिवा) लावली तर पुलीवरची खूण 8 ते 14 डिग्रीच्या मध्ये नाचते. गॅरेजवाला म्हणाला, "मॅन्युअलचा आकडा लावून डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आवळून टाकू." टाकला. नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मागे पीएमपीची बस. पुढचं विचारू नका.

पान्हा_नंबर_दहा:
डेल्कोची व्हॅक्यूमची नळी (तीही टायमिंग पुढं ढकलते) काढून तोंड बंद केलं होतं का? नसेल तर त्या रीडिंगला काही अर्थ नाही.

घाटवेडा:
नळी काढली होती, तोंडात स्क्रूही कोंबला होता. तरी नाचते.

डेल्कोकाका:
अरे, मॅन्युअलचा आकडा कंपनीच्या कॅमसाठी असतो. तुझ्या कॅमने आयडलला जळालेला गॅस सिलिंडरमध्येच मागे राहतो, मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर लागते. त्यात 1100 वर डेल्कोतली वजनं उघडायला लागली असणार. वजनं उघडली की टायमिंग पुढं, टायमिंग पुढं गेलं की आरपीएम वर, मग परत खाली. खूण नाचणारच. आधी रोटर हाताने फिरवून सोड, झटकन जागेवर आला पाहिजे. शाफ्ट आडवा हलत असेल तर बुश गेलाय, मग गन लावून उपयोग नाही.

आता आयडलचा नाद सोड. इंजिन गरम कर, 3500 ला धर आणि तिथलं टायमिंग लाव. माझ्या गाडीत वरच्या आरपीएमला 32 लावलं तेव्हा आयडलला आपोआप 13 आलं, तेच ठेवलं. तुझी वेगळी असेल, म्हणून 28 पासून सुरू कर. कात्रजच्या चढाला तिसऱ्यात पाय दाबून बघ. पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला की ठिणगी फार लवकर पडतेय, दोन डिग्री मागं घे.

पान्हा_नंबर_दहा:
त्याआधी पुलीवरची खूण खरी आहे का ते बघा. एक नंबरचा पिस्टन वर आणून ताडून घ्या. माझ्या पुलीचं रबर सरकलं होतं, महिनाभर चुकीच्या खुणेवर टायमिंग लावत बसलो.

घाटवेडा:
खूण बरोबर निघाली. शाफ्टही घट्ट आहे, पण वजनांची एक स्प्रिंग सैल होती, नाना पेठेतून जोडी आणली. वर 30, आयडल 950 ला 12, खूण जवळजवळ स्थिर. चढाला आवाज नाही. फक्त गरम गाडी सुरू करताना स्टार्टर एकदा अडखळतो.

डेल्कोकाका:
अडखळतो म्हणजे क्रँकिंगला टायमिंग जास्त होतंय. एक डिग्री मागं घे. आणि बॅटरीची अर्थ घासून बघितलीस का? निम्म्या वेळा तीच निघते.