मलबार हिलवरील जिना हाउसविषयी काही शंका

मुशाफिर: भाऊसाहेब हिरे मार्गावरून, मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ निवासस्थानाजवळून जाताना झाडीआड जिनांचा बंद बंगला दिसतो. गांधी-जिना वाटाघाटी याच वास्तूत झाल्या होत्या का? जिनांच्या पत्नी रतनबाई येथेच राहत असत असे ऐकले आहे, ते खरे का? आणि एवढी महत्त्वाची वास्तू इतकी वर्षे बंद का आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वास्तुवेडा: आधी रतनबाईंविषयी. त्यांचे निधन फेब्रुवारी १९२९ मध्ये झाले आणि आजची वास्तू उभी राहिली १९३६ च्या सुमारास, त्यामुळे त्यांनी ती पाहिलेलीच नाही. जिनांनी या जागेवरचा जुना बंगला पाडून क्लॉड बॅटली यांच्याकडून नवे घर बांधून घेतले. मुंबई सेंट्रल स्थानकाचे वास्तुरचनाकारही हेच बॅटली. जे. जे. मध्ये वास्तुकला शिकवताना ते विद्यार्थ्यांना इथले ऊन, इथला पाऊस आणि इथल्या जुन्या इमारती यांचा अभ्यास करायला लावत. जिनांच्या घरासाठी इटालियन संगमरवर आणि अक्रोडाचे लाकूड वापरले होते. मालकाच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो, बॅटलींच्या कामाचा हा नमुना पावसाळ्यामागून पावसाळे झेलत नुसता उभा आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इतिहासवाचक: होय, वाटाघाटी याच घरात झाल्या. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर गांधीजींनी जिनांकडे भेटीची इच्छा व्यक्त केली आणि ९ ते २७ सप्टेंबर या काळात दोघांमध्ये बोलणी चालली. गांधीजींचा मुक्काम याच रस्त्यावरच्या बिर्ला हाउसमध्ये होता. रस्त्याचे नाव तेव्हा माउंट प्लेझंट रोड होते. चर्चेला आधार होता राजाजींच्या, म्हणजे काँग्रेसचे नेते चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या, योजनेचा: युद्ध संपल्यावर वायव्येकडील आणि पूर्वेकडील सलग मुस्लिमबहुल जिल्ह्यांत सार्वमत घ्यावे, अशी ती योजना होती. गांधीजींचे म्हणणे, आधी स्वातंत्र्य, मग वेगळे होण्याचा प्रश्न. तर इंग्रज जाण्यापूर्वीच विभागणी निश्चित व्हावी, हा जिनांचा आग्रह. बोलणी फिसकटली ती प्रामुख्याने या क्रमावरून. समोरासमोर भेटत असतानाही दोघांनी एकमेकांना पत्रे लिहून आपापली भूमिका नोंदवली आणि तो पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला, म्हणून आज आपल्याला या चर्चेचा तपशील कळतो. पुढे १५ ऑगस्ट १९४६ रोजी, पाकिस्तानच्या मागणीसाठी मुस्लिम लीगने पुकारलेल्या प्रत्यक्ष कृती दिनाच्या आदल्या दिवशी, हंगामी सरकारच्या प्रश्नावर बोलण्यासाठी नेहरूही येथे आले होते. बरोबर एक वर्षाने देश स्वतंत्र झाला, पण दोन तुकड्यांत.

वकिलीण: बंद असण्याचे मूळ मालकीच्या वादात आहे. जिना ऑगस्ट १९४७ मध्ये कराचीला गेले, तरी या घरातला त्यांचा जीव सुटला नव्हता. पाकिस्तानातील भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी नेहरूंच्या सांगण्यावरून घराविषयी विचारले, तेव्हा जिनांनी मुंबईत परतण्याची आस बोलून दाखवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ही निष्क्रांत मालमत्ता, म्हणजे फाळणीत देश सोडून गेलेल्याची मालमत्ता, ठरवली गेली आणि बरीच वर्षे ब्रिटिश उपउच्चायुक्तांकडे भाड्याने राहिली. २००७ मध्ये कन्या दीना वाडिया यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा मांडला. जिनांनी मृत्युपत्राने घर बहीण फातिमा जिनांना दिले होते. दीनाबाईंचा युक्तिवाद असा, की जिना खोजा, म्हणजे मूळच्या हिंदूंमधून मुस्लिम झालेल्या समाजातले, असल्याने त्यांच्या वारसाहक्काला हिंदू कायद्याची रूढी लागू होते आणि एकुलती मुलगी म्हणून घर आपल्याकडे यायला हवे. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

एक पुरवणी: लॅमिंग्टन रोडवरच्या काँग्रेस हाउसच्या आवारातील जिना हॉल आणि हे घर यांची गल्लत करू नये. तो हॉल १९१८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या गौरवाला जिनांनी केलेल्या विरोधाची आठवण म्हणून मुंबईकरांच्या वर्गणीतून बांधला गेला.

मुशाफिर: सर्वांचे आभार. घराची मालकी कोणाचीही ठरो, ज्या दालनांत १९४४ ची बोलणी झाली ती तरी दुरुस्त करून, त्या पत्रांच्या प्रतींसह लोकांना पाहायला खुली व्हावीत, असे मला वाटते.