अपमान भोंग्यावरून, मग माफी बंद खोलीत का?

वैशाली, जुळे सोलापूर

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या टेनिस बॉल स्पर्धेची सेमी फायनल होती. मैदानभर भोंगे, शिवाय यूट्यूबवर लाइव्ह. शेवटच्या षटकात सेटलमेंटमधल्या, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वस्तीतल्या, एका पोरानं चेंडू हळूच ढकलून एक धाव पळून काढली. समालोचक ओरडला, "चोरटी धाव! सेटलमेंटचं पोरगं आहे, चोरी रक्तातच असणार!" मंडपात हशा पिकला. पोरानं टोपी काढली, परत घातली, आणि पुन्हा स्ट्राइकवर आला तेव्हा पहिल्याच चेंडूवर बोल्ड झाला. त्याची आई दोरीच्या बाहेर बायकांमध्ये उभी होती. तो बाद होण्याआधीच ती निघून गेली.

रात्री क्लिप गावभर फिरली. लोकांनी आयोजकांना फोन केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला मंडळाच्या ऑफिसात बोलावलं, समालोचकाशी हात मिळवायला लावला, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि विषय मिटल्याचं जाहीर केलं. येत्या रविवारी फायनलला तोच माणूस माइकवर बसणार आहे.

माझं म्हणणं असं. त्याचं पोट मारा असं मी म्हणत नाही. पण त्यानं त्याच माइकवरून, त्याच गर्दीसमोर, पहिला चेंडू पडायच्या आधी आपल्या तोंडानं माफी मागावी. नसेल मागायची तर माइकवर बसू नये. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत समालोचक ईशा गुहानं बुमराहचं कौतुक करताना माकडांच्या वर्गासाठीचा इंग्रजी शब्द वापरला होता. तिच्या मनात तसं नव्हतं हे उघड होतं. तरी दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी तिनं त्याच चॅनेलवर, कॅमेऱ्याकडे बघून, आडपडदा न ठेवता माफी मागितली. शेजारी बसलेल्या रवी शास्त्रींनी तिच्या धैर्याचं कौतुक केलं. तिचं काम गेलं नाही. आपल्या माणसाला एवढं का जमू नये?

होटगीरोडकर

ताई, क्लिप मीही बघितली. वाईट बोलला, दुमत नाही. पण तो गरीब माणूस आहे हो. दिवसभर उन्हात घसा फोडतो तेव्हा कुठे संध्याकाळी हातात काही पडतं. शेवटचं षटक, लोक ओरडतायत, सुचेल ते तोंडातून निघतं. आणि आपल्या सोलापुरात कोण कुणाला सरळ नावानं हाक मारतं? काळ्या, टकल्या, लंगड्या, सगळं चालतं, कुणी मनाला लावून घेत नाही. मुलानं हात मिळवला, संपलं. मुलाचंच जर मिटलं असेल तर आपण बाहेरच्यांनी का उकरून काढायचं?

समालोचक डीन जोन्सचं बघा. २००६ मध्ये कोलंबोत दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलानं, तो मुसलमान, श्रीलंकेच्या संगकाराचा झेल घेतला. जोन्सला वाटलं जाहिरात लागली, आणि तो बोलून गेला, की अतिरेक्याला आणखी एक विकेट मिळाली. काही ठिकाणी प्रक्षेपण चालूच होतं. टेन स्पोर्ट्सनं त्याला लगेच घरी पाठवलं. पण आमलानं माफी स्वीकारली होती. ज्याला लागलं त्यानं सोडून दिलं, तर चॅनेलनं कशाला धरून ठेवायचं?

वैशाली, जुळे सोलापूर

दादा, टोपणनाव मित्र ठेवतो, आणि ते त्या एकट्याचं असतं. "रक्तातच चोरी" हे एकट्याला लागत नाही. दोरीभोवती त्या वस्तीतली दहा-बारा वर्षांची किती पोरं बसली होती, क्लिपमध्ये दिसतायत बघा. त्यांनीही ते ऐकलं. त्यांच्याशी कुणी हात मिळवला? आमलाचंही तेच झालं. त्याची दाढी आणि धर्म बघून जो शब्द निघाला, तो त्याच्यासारख्या प्रत्येकाला लागला. म्हणून माफ करणं आमलाच्या हातात होतं, पण चॅनेलची जबाबदारी त्यानं संपली नाही.

आणि मंडळाच्या ऑफिसात आठ-दहा मोठी माणसं भोवती उभी असताना सोळा-सतरा वर्षांचा पोरगा "नाही मिळवत हात" म्हणेल का? त्याला फायनल खेळायची आहे.

पार्क चौकातला वकील

कुणीतरी "अॅट्रॉसिटी लावा" असं लिहिल्याचं ग्रुपवर दिसलं, म्हणून दोन ओळी. १९८९ च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर मुद्दाम अपमान करणं हा गुन्हा आहे. पण सेटलमेंटमध्ये अनेक जमाती होत्या आणि सगळ्या एका यादीत नाहीत. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो आणि आपल्या सोलापुरात विमुक्त जातीत. तीच माणसं, तोच अपमान, पण नागपुरात कायद्याचं छत्र आहे आणि इथं नाही. मुलगा कुठल्या समाजाचा ते मला ठाऊक नाही आणि इथं कुणी लिहूही नये. सांगायचं एवढंच, की प्रत्येक वेळी कायदा धावून येईल असं धरून चालू नका. अशा वेळी आयोजक काय करतात यालाच महत्त्व येतं.

तिसरी पिढी

मी सेटलमेंटमध्ये वाढलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. माझे आजोबा गिरणीत कामाला होते. पाळी संपली की इतर कामगार घरी जायचे, आजोबा हजेरीला. कुणाच्या लग्नाला परगावी जायचं तरी परवानगी घ्यावी लागायची. स्वातंत्र्यानंतरही हे चालूच राहिलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून तो आमचा विमुक्त दिन.

कुंपण गेलं. पण मी सातवीत असताना वर्गात कुणाची कंपास पेटी हरवली की गुरुजी आधी माझं दप्तर पालथं करायचे. सगळ्यांसमोर, फरशीवर. वह्या, डबा, डब्यातली भाकरी. पेटी दुसरीकडे सापडली तरी माझ्या वह्या मलाच गोळा कराव्या लागायच्या. होटगीरोडकर, त्या माइकवरच्या वाक्यानं मला ती फरशी आठवली. तुम्हाला ते "सुचेल ते बोलला" वाटतं. नेमकं तेच का सुचलं, हा माझा प्रश्न आहे.

पण ताई, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. फायनलला हजार माणसांसमोर माफी म्हणजे पोराकडे पुन्हा हजार बोटं. "तो बघ, तोच." पुन्हा क्लिप, पुन्हा व्हायरल. माझ्या बाबतीत गुरुजींनी वर्गासमोर माफी मागितली असती तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो नसतो. समालोचक बदला, गाजावाजा करू नका.

चादरवाला

आमचा टॉवेल-चादरीचा धंदा आहे, तीन-चार स्पर्धांना आमचा बॅनर असतो. २००७ मध्ये अमेरिकेत डॉन आयमस नावाच्या रेडिओवाल्यानं काय केलं ते वाचा. रटगर्स विद्यापीठाच्या मुली आदल्या रात्री बास्केटबॉलची फायनल हरल्या होत्या. ४ एप्रिलला सकाळच्या कार्यक्रमात तो त्यांच्या केसांवरून आणि चारित्र्यावरून अत्यंत हीन बोलला. संघात बहुतेक मुली कृष्णवर्णीय. आधी फक्त दोन आठवड्यांचं निलंबन जाहीर झालं. मग मोठमोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या आणि १२ एप्रिलला सीबीएस रेडिओनं त्याला काढलं. माल विकणाऱ्याला जाग आली तेव्हा चॅनेलला आली. म्हणून मंडपावर ज्यांचे बॅनर आहेत त्यांच्याकडे जा. माझा बॅनर असता तर मी काढून आणला असता.

होटगीरोडकर

हे दडपण झालं. पैशाच्या जोरावर माणूस बदलतो का? तोच आयमस डिसेंबर २००७ मध्ये दुसऱ्या स्टेशनवर परत आला. जोन्सही पुढे समालोचनात परतला, आणि २०२० मध्ये मुंबईत गेला तेव्हा आयपीएलचंच काम करत होता. लोकांनी त्याला माफ केलं होतं. मग आधी नोकरी घालवून काय साधलं? चूक दाखवा, समजवा. इथं मात्र आधी शिक्षा ठरते आणि मग त्या माणसाला विचारतात. त्याच्या घरी कुणी जाऊन आलंय का?

वैशाली, जुळे सोलापूर

मी गेले होते. तो म्हणाला, "मी गमतीनं बोललो, आता ऑफिसात माफी मागून झाली ना." माइकवरून मागायला तयार नाही. बाकीची पोरं हसतील म्हणाला.

तिसरी पिढी, तुमचं लिहिणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलाचं नाव घेऊ नये, त्याला मैदानात उभं करू नये, हे शंभर टक्के मान्य. पण गाजावाजा न करता समालोचक बदलला तर मंडपात हसलेल्यांना काय कळणार? त्यांना वाटेल, त्याला दुसरीकडे काम मिळालं. आणि तुमच्या वस्तीतल्या त्या लहान पोरांना तरी कसं कळणार, की चूक त्यांच्याकडे नव्हती? आयमसच्या वेळी रटगर्सच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर स्वतः पत्रकारांसमोर बसल्या, आपण कोण आहोत ते त्यांनी जगाला सांगितलं. त्याची माफी त्यांनी नंतर स्वीकारली. तिथं संघ पाठीशी होता, विद्यापीठ होतं. या पोराच्या पाठीशी कोण आहे? म्हणून बोलायचं काम त्याच्यावर नको, ज्यानं माइक धरला त्याच्यावर हवं.

मुलाच्या आईलाही भेटले. फायनलबद्दल विचारलं. "तो खेळंल," म्हणाली. "मी नाही यायची."

तिसरी पिढी

आईचं वाचून थांबलो. नाव न घेता, वस्तीची माफी, एवढंच असेल तर माझा विरोध नाही. पण लिहून दिलेलं वाचायचं नाही, त्यानं स्वतः बोलायचं. आणि आधी आईला विचारायचं. ती नको म्हणाली तर नको.

होटगीरोडकर

मला अजूनही वाटतं, मिटलेलं उकरतोय आपण. पण आयोजकांकडे जाणार असाल तर मी येतो. त्याची बाजू मांडायला तिथं कुणीतरी हवं.

वैशाली, जुळे सोलापूर

या दादा. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, मंडळाच्या ऑफिसात. त्याआधी मी आईकडे जाऊन येते, आणि ती काय म्हणाली ते इथं लिहिते.